सिरियल पोर्टचा ड्रायव्हर : येणारा एकही बाइट सांडू नये म्हणून



सिरियल पोर्टवरून डेटा पाठवणं आणि डेटा घेणं ही दोन कामं दिसायला सारखी वाटतात. प्रोजेक्ट करायला बसलं की फरक कळतो. पाठवताना वेळ आपल्या हातात असतो, पुढचा बाइट थोडा उशिरा पाठवला तरी काही बिघडत नाही. घेताना मात्र वेळ समोरच्याच्या हातात असतो. तो पाठवत राहतो, तुमचा प्रोसेसर त्या क्षणी काय करतोय हे त्याला माहीत नसतं.

सकाळी नळाला पाणी येतं तेव्हा काय होतं आठवा. नळ आपल्या सवडीने येत नाही. कळशी भरली आणि बदलायला कोणी नसलं की पाणी मोरीत जातं. गेलेलं पाणी परत मागता येत नाही. सिरियल पोर्टचं अगदी असंच आहे.

एक बाइट गेला तर काय मोठंसं?

मोठंच आहे, बघा. ट्रकचं वजन करणाऱ्या काट्याचा इंडिकेटर संगणकाला सिरियल पोर्टवरून वजन पाठवतो. समजा, उसाने भरलेल्या ट्रकचं वजन १८,६४० किलो आहे आणि इंडिकेटर ते '०१८६४०' असे सहा अंक करून पाठवतो. यातला '१' हा एकच बाइट हरवला. संगणकाला मिळालं '०८६४०'. प्रोग्राम थांबला नाही, पडद्यावर लाल अक्षरं आली नाहीत, पावतीही छापली गेली. फक्त १० टन ऊस कागदावरून गायब झाला.

डेटा आलाच नाही तर निदान आपल्याला कळतं. अर्धवट आलेला डेटा खरा वाटतो, म्हणून तो जास्त घातक. तेव्हा आजच्या पाठात दोन गोष्टी शिकायच्या. पहिली, डेटा सांडू न देणं. दुसरी, सांडलाच तर ते लपू न देणं.

आधी वेळेचा हिशोब

ड्रायव्हर लिहिण्याआधी कागद-पेन घ्या. नेहमीच्या मांडणीत एका बाइटसाठी तारेवरून १० बिट जातात : १ स्टार्ट बिट, ८ डेटा बिट आणि १ स्टॉप बिट. म्हणून बॉड रेटला १० ने भागलं की सेकंदाला किती बाइट येतात ते मिळतं.

- ४८०० बॉड : सेकंदाला ४८० बाइट, दर २.०८ मिलिसेकंदाला एक बाइट
- ९६०० बॉड : सेकंदाला ९६० बाइट, दर १.०४ मिलिसेकंदाला एक बाइट
- ५७६०० बॉड : सेकंदाला ५७६० बाइट, दर १७४ मायक्रोसेकंदाला एक बाइट
- ११५२०० बॉड : सेकंदाला ११,५२० बाइट, दर ८७ मायक्रोसेकंदाला एक बाइट

हे आकडे वहीत लिहून ठेवा. पुढचा सगळा पाठ यांच्यावरच उभा आहे.

डेटा सांडतो कुठे?

तारेवरून आलेला बाइट तुमच्या प्रोग्रामपर्यंत पोचताना तीन ठिकाणी थांबतो.

१) चिपमधलं रिसीव्ह रजिस्टर किंवा फिफो. ही झाली नळाखालची कळशी.
२) ड्रायव्हरने मेमरीत ठेवलेला बफर. हे घरातलं पिंप.
३) तो डेटा वापरणारा प्रोग्राम. म्हणजे पिंपातून पाणी घेणारी घरची माणसं.

तिन्ही ठिकाणी डेटा सांडू शकतो आणि तिन्हींचं औषध वेगळं आहे. 'डेटा जातोय ना, मग बफर मोठा करा' हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. पण कळशी वेळेवर उचललीच नाही, तर पिंप कितीही मोठं आणून काय उपयोग?

पहिलं ठिकाण : चिपमधली कळशी

आयबीएमने १९८१ साली पहिला पीसी आणला, त्याच्या सिरियल पोर्टमध्ये ८२५० नावाची चिप होती. पूर्ण आलेला फक्त एक बाइट ती धरून ठेवू शकत असे. त्याच्या मागून दुसरा बाइट बिटाबिटाने आत येत असायचा. दुसरा पूर्ण होईपर्यंत पहिला उचलला नाही, तर पहिला पुसला जायचा. यालाच ओव्हररन म्हणतात. ९६०० बॉडला प्रोसेसरकडे सुमारे १ मिलिसेकंद असायचा, ११५२०० ला जेमतेम ८७ मायक्रोसेकंद. तेवढ्यात डिस्कचं काम मध्ये आलं की बाइट गेलाच.

पुढे १६५५०ए ही चिप आली. तिच्यात येणाऱ्या डेटासाठी १६ बाइटचा फिफो आहे. फिफो म्हणजे रांग, जो आधी आला तो आधी बाहेर. किती बाइट जमले की प्रोसेसरला हाक मारायची, म्हणजे इंटरप्ट द्यायचा, हेही ठरवता येतं : १, ४, ८ किंवा १४.

आता विचार करा, यातला कोणता आकडा घ्याल? १४ घेतला तर इंटरप्ट कमी येतात आणि प्रोसेसरला आराम मिळतो. पण चौदावा बाइट आल्यावर फिफोत दोनच जागा उरतात. पंधरावा आणि सोळावा बसतो, सतरावा पूर्ण आला की ओव्हररन. म्हणजे हाक मारल्यापासून तीन बाइटांचा वेळ. ११५२०० बॉडला तो फक्त २६० मायक्रोसेकंद होतो.

८ घेतला तर आठ जागा आणि वरचा एक, असे नऊ बाइटांचा वेळ मिळतो. तो होतो सुमारे ७८० मायक्रोसेकंद. सेकंदाला इंटरप्ट ८२३ ऐवजी १४४० येतील, पण सवड तिप्पट झाली. प्रोसेसर इतर कामांत गुंतलेला असेल तर ८ बराच सुरक्षित. उत्तर पाठ करू नका, हिशोब करून ठरवा.

एक शंका येईल. ८ वर हाक मारायची ठरली आणि पाचच बाइट येऊन डेटा थांबला तर ते तसेच पडून राहतील का? नाही. चार बाइटांच्या वेळेइतकी शांतता गेली, की ही चिप 'उरलेले घेऊन जा' असा वेगळा इंटरप्ट देते. ड्रायव्हरमध्ये हा इंटरप्टही हाताळावाच लागतो, नाहीतर प्रत्येक संदेशाचं शेपूट अडकून राहतं.

इंटरप्टमध्ये काय करायचं, काय नाही

इंटरप्ट आला की ड्रायव्हरने करायची कामं मोजकी आहेत.

१) स्टेटस रजिस्टर वाचा. चूक झाली असेल तर ती नोंदवा.
२) डेटा रजिस्टर वाचा आणि बाइट बफरमध्ये ठेवा.
३) अजून बाइट शिल्लक आहे का बघा. असेल तर पुन्हा पहिल्या पायरीवर जा.
४) फिफो रिकामा झाला की बाहेर पडा.

क्रम महत्त्वाचा आहे, बरं का. आधी स्टेटस, मग डेटा. डेटा वाचला की रांग एक पाऊल पुढे सरकते आणि त्या बाइटची चूक दाखवणारी खूण हातची जाते.

तिसरी पायरीही गाळू नका. एका इंटरप्टला एकच बाइट उचलून परत गेलात तर फिफो असून नसल्यासारखा.

आणि काय करायचं नाही? इंटरप्टच्या आत पडद्यावर काही छापायचं नाही, संदेशाचा अर्थ लावत बसायचं नाही, कशाची वाट पाहायची नाही. कळशी उचलायला गेलेल्या माणसाने तिथेच भांडी घासायला बसू नये, इतकं साधं आहे हे.

दुसऱ्यांनी बंद केलेले इंटरप्टही मोजा

तुमचा ड्रायव्हर कितीही चपळ असला तरी हाक ऐकूच आली नाही तर? प्रोग्रामचा दुसरा एखादा भाग काही काळ इंटरप्ट बंद ठेवत असेल, तर तेवढा वेळ ड्रायव्हर बहिरा असतो.

अर्दुइनो उनोचं उदाहरण घेऊ. त्यातल्या एटीमेगा ३२८पी चिपमध्ये दोन बाइट थांबू शकतात आणि तिसरा आत येत असतो. म्हणजे हाक मारल्यापासून साधारण दोन बाइटांची सवड, ११५२०० बॉडला सुमारे १७४ मायक्रोसेकंद. आता त्याच बोर्डावर डब्ल्यूएस२८१२ जातीच्या ६० रंगीत एलईडींची पट्टी जोडली. एका एलईडीला २४ बिट लागतात आणि प्रत्येक बिटाला १.२५ मायक्रोसेकंद, म्हणजे एका एलईडीला ३० मायक्रोसेकंद. साठ एलईडींना १.८ मिलिसेकंद. वेळ अचूक साधावी म्हणून या बोर्डासाठीच्या अनेक लायब्रऱ्या तेवढा वेळ इंटरप्ट बंद ठेवतात.

त्या १.८ मिलिसेकंदांत ११५२०० बॉडने सुमारे २० बाइट येतात. जागा तिघांना, पाहुणे वीस! इथे मेमरीतला बफर हजार बाइटचा केला तरी काही उपयोग नाही, कारण बाइट तिथवर पोचतच नाहीत. उपाय दोनच : वेग कमी करा, किंवा डेटा येत नसेल तेव्हाच पट्टी पेटवा. ९६०० बॉडला दोन बाइटांची सवड सुमारे २.०८ मिलिसेकंद होते, म्हणजे १.८ मिलिसेकंद निभावतात. कधी कधी हळू चालणं हाच शहाणपणा असतो.

दुसरं ठिकाण : मेमरीतलं पिंप

मेमरीतल्या बफरसाठी सगळीकडे वापरली जाणारी रचना म्हणजे रिंग बफर. एक ठरावीक लांबीची जागा घ्यायची आणि शेवट आला की पुन्हा सुरुवातीला यायचं. दोन खुणा ठेवायच्या : पुढचा बाइट कुठे ठेवायचा ती 'भरण्याची खूण' आणि पुढचा कुठून घ्यायचा ती 'उपसण्याची खूण'.

नियम असे :

१) भरण्याची खूण फक्त इंटरप्टने बदलायची, उपसण्याची फक्त प्रोग्रामने. दोघांनी एकाच खुणेला हात लावला की गोंधळ ठरलेला.

२) दोन्ही खुणा एकाच जागी असल्या तर बफर रिकामा समजायचा. म्हणून एक जागा कायम मोकळी सोडायची. ६४ बाइटच्या बफरमध्ये ६३ च बाइट ठेवायचे.

३) बफर भरला तर नवा बाइट टाकून द्या आणि तशी नोंद करा, पण खूण पुढे ढकलू नका. भरण्याची खूण उपसण्याच्या खुणेपर्यंत पोचली की बफर रिकामा दिसू लागतो. एका बाइटच्या मोहात सगळेच बाइट जातात.

४) आधी बाइट ठेवा, मग खूण पुढे सरकवा. उलट केलंत तर प्रोग्राम न आलेला बाइट उचलेल. खुणा 'व्होलाटाइल' म्हणून घोषित करा, नाहीतर कंपायलर जुनीच किंमत धरून बसू शकतो.

५) आठ बिटांच्या प्रोसेसरवर खूण सोळा बिटांची असेल तर ती दोन तुकड्यांत वाचली जाते. समजा किंमत २५५ आहे. प्रोग्रामने खालचा तुकडा वाचला, २५५. तेवढ्यात इंटरप्ट आला आणि किंमत २५६ झाली. आता वरचा तुकडा वाचला, १. दोन्ही मिळून झाले ५११! अशी चूक दिवसातून एखादेच वेळी होते आणि आठवडाभर सापडत नाही. म्हणून बफर २५६ बाइट किंवा त्याहून लहान ठेवून खूण एका बाइटचीच ठेवा. मोठा हवाच असेल तर खूण वाचण्यापुरते, अगदी क्षणभर, इंटरप्ट बंद करा.

पिंप केवढं घ्यायचं?

सूत्र साधं आहे. तुमचा प्रोग्राम जास्तीत जास्त किती वेळ डेटाकडे फिरकणार नाही ते शोधा, तेवढ्या वेळात किती बाइट येतील ते काढा आणि त्याची दुप्पट करा.

अर्दुइनो उनोचा येणाऱ्या डेटाचा बफर मुळात ६४ बाइटचा असतो. ९६०० बॉडला तो सुमारे ६६ मिलिसेकंदांत भरतो, ११५२०० ला साडेपाच मिलिसेकंदांत. त्यानंतर येणारे बाइट गुपचूप टाकून दिले जातात. मुलांच्या प्रोग्राममध्ये सर्रास दिसणारा एक सेकंदाचा 'डिले' यात कुठे बसतो ते तुम्हीच पाहा.

जीपीएस मॉड्यूल जोडलंत तर आणखी एक गंमत कळेल. एनएमईए ०१८३ पद्धतीचं एक वाक्य ८२ अक्षरांपर्यंत असू शकतं. म्हणजे ६३ बाइटांत एक पूर्ण वाक्यही मावेल याची खात्री नाही! वाक्य पूर्ण येऊ दे, मग एकदम वाचू, असं म्हणून थांबलात तर शेपूट तुटलंच.

आता डेटा मेमरी कार्डवर लिहायचा आहे असं धरा. कार्ड मधूनच १००-२०० मिलिसेकंद अडून बसतं. ९६०० बॉडला २०० मिलिसेकंदांत १९२ बाइट येतात. दुप्पट केली तर ३८४, म्हणून ५१२ बाइटचा बफर घ्यावा. ११५२०० बॉडला मात्र तेवढ्याच वेळात २३०४ बाइट येतील आणि उनोची सगळी रॅम आहे २०४८ बाइटची. हिशोबच सांगतो की इथे नुसत्या बफरने भागणार नाही. वेग कमी करा, मोठी चिप घ्या किंवा पुढचा उपाय वापरा.

आणखी एक लक्षात ठेवा. बफर फक्त तात्पुरती गर्दी सांभाळतो. प्रोग्राम सरासरी सेकंदाला ९०० बाइट उपसतो आणि ९६० येतात, अशी स्थिती असेल तर पिंप कितीही मोठं घ्या, आज ना उद्या ते वाहणारच.

मोठ्या चिपवर डीएमएची सोय असते. तिथे प्रोसेसरला न उठवता हार्डवेअरच बाइट थेट मेमरीत ठेवतं आणि अर्धा किंवा पूर्ण बफर भरला की कळवतं. त्यामुळे पहिल्या ठिकाणची घाई खूप कमी होते. दुसऱ्या ठिकाणचे नियम तेच राहतात.

तिसरं ठिकाण : 'थांब' म्हणायची सोय

समोरचा ऐकणारा असेल तर त्याला थांबवता येतं. यालाच फ्लो कंट्रोल म्हणतात. त्याच्या दोन पद्धती आहेत.

पहिली आरटीएस-सीटीएस. यात वेगळ्या तारा असतात. आपण आरटीएस खाली केला की समोरच्याचा सीटीएस खाली जातो आणि तो थांबतो.

दुसरी एक्सॉन-एक्सॉफ. यात जादा तार लागत नाही. १९ क्रमांकाचं अक्षर पाठवलं की 'थांब', १७ क्रमांकाचं पाठवलं की 'चालू कर'. ही पद्धत साध्या मजकुराला ठीक आहे. चित्र किंवा फाइल पाठवत असाल तर डेटातच १७ आणि १९ हे बाइट येतील आणि घोटाळा होईल.

'थांब' केव्हा म्हणायचं? बफर काठोकाठ भरल्यावर म्हणून चालत नाही. आपण थांब म्हटलं तरी समोरच्याच्या फिफोतले १६ आणि बाहेर पडत असलेला एक बाइट येऊ शकतो. शिवाय आपल्या फिफोत १६ असू शकतात. म्हणजे ३३ बाइट अजून वाटेत आहेत. म्हणून २५६ च्या बफरमध्ये १९२ ला थांब म्हणा आणि ६४ पर्यंत उतरला की चालू कर म्हणा. वरच्या ६४ जागा त्या वाटेतल्या बाइटांसाठी. दोन खुणांमध्ये अंतर ठेवलं नाही, तर थांब-चालू, थांब-चालू असा खेळ दर बाइटला चालेल.

पण प्रत्येक उपकरण ऐकतंच असं नाही. वाक्यं ओतत राहणारं साधं जीपीएस मॉड्यूल किंवा सतत वजन पाठवणारा इंडिकेटर तुमच्या 'थांब'कडे लक्ष देईलच असं धरू नका. तिथे पहिल्या दोन ठिकाणांचा हिशोब चोख असायला हवा.

तरीही सांडलं तर?

चांगला ड्रायव्हर नुकसान लपवत नाही. त्यात निदान दोन मोजणी ठेवा : चिपमधले ओव्हररन किती झाले आणि बफर भरल्यामुळे किती बाइट टाकले. दोन्ही वेगवेगळ्या मोजा, कारण औषध वेगळं आहे. पहिला आकडा वाढत असेल तर इंटरप्टला उशीर होतोय. दुसरा वाढत असेल तर प्रोग्राम मागे पडतोय. लिनक्सचा ड्रायव्हरही या दोन्ही नोंदी वेगळ्याच ठेवतो.

नुकसान झालं की ज्या संदेशात ते झालं तो संदेशच रद्द करा. वजनकाट्याच्या उदाहरणात सहा अंकांऐवजी पाच आले, तर ते वजन घेऊच नका, पुढच्याची वाट पाहा. एनएमईए वाक्याच्या शेवटी चेकसम असतो. डॉलरचं चिन्ह आणि तारांकन यांच्यामधल्या सगळ्या अक्षरांचा एक्सऑर काढून तो ताडून पाहायचा. जुळला नाही तर वाक्य सोडून द्यायचं. लांबी आणि चेकसम तपासणं हे ड्रायव्हरच्या वरच्या प्रोग्रामचं काम. 'इथे काहीतरी गेलं आहे' हे त्याला सांगणं मात्र ड्रायव्हरचं काम आहे.

तपासणी कशी कराल?

'माझ्याकडे तर चालतंय' हा पुरावा नाही. दुसऱ्या संगणकावरून क्रमांक घातलेल्या ओळी पूर्ण वेगाने, मध्ये न थांबता पाठवा. घेणाऱ्या बाजूला प्रत्येक ओळीचा क्रमांक मागच्यापेक्षा एकने मोठा आहे ना ते बघा. नुसते ० ते २५५ हे बाइट फिरवत ठेवू नका. नेमके २५६ बाइट हरवले तर क्रम बरोबरच दिसेल.

आणि तपासणी करताना बाकी सगळं चालू ठेवा : एलईडी, मेमरी कार्ड, डिस्प्ले, जे काही प्रोजेक्टमध्ये आहे ते. बोर्ड रिकामा बसलेला असताना डेटा जात नाहीच. बफर जास्तीत जास्त कितीपर्यंत भरला ते टिपून ठेवा. रात्रभर चालवून तो अर्ध्याच्या वर गेला नाही आणि दोन्ही मोजण्या शून्य राहिल्या, तर समाधानाने पुढे जा.

स्वाध्याय

१) ५७६०० बॉड, १६ बाइटचा फिफो, ८ वर इंटरप्ट. ओव्हररन होण्याआधी किती वेळ मिळेल?
२) ९६०० बॉड, प्रोग्राम जास्तीत जास्त ३०० मिलिसेकंद अडकतो. रिंग बफर केवढा घ्याल?
३) ओव्हररनची मोजणी वाढते आहे, पण २५६ चा रिंग बफर कधीही २० च्या वर भरत नाही. दोष कोणत्या ठिकाणी आहे?
४) प्रोग्रामने बफरमधले २०० बाइट एकदम कॉपी करताना पूर्ण वेळ इंटरप्ट बंद ठेवले. हे चूक का? कमीत कमी किती वेळ बंद ठेवून काम होईल?

पहिल्या तिघांची उत्तरं ताडून बघा : १) नऊ बाइटांचा वेळ, सुमारे १.५६ मिलिसेकंद. २) किमान २८८, दुप्पट ५७६, म्हणून १०२४. ३) पहिल्या ठिकाणी. इंटरप्ट कोण बंद ठेवतंय ते शोधा.

चौथ्याचं उत्तर तुमच्या प्रोसेसरचा वेग घेऊन स्वतः काढा, आणि वहीत नुसता आकडा न लिहिता तो कसा आला तेही लिहा.